रिसीव्हर घेतांना

नळाचें तोंड मोठें केलें कीं टांकी लवकर रिती होते, हें आम्हां बोदवडकरांस शिकवावें लागत नाहीं. स्पीकरचेंही तसेंच. जर्मन शास्त्रज्ञ ओम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार अवरोध ८ ओमांवरून ४ वर आला, कीं त्याच विद्युद्दाबास प्रवाह दुप्पट होतो व रिसीव्हर अधिक तापतो. म्हणून होम थिएटरसाठीं तो घेतांना वॅटांच्या आंकड्यास भुलूं नये. तो बहुधा ८ किंवा ६ ओमांवरचा असतो. ४ ओमांची परवानगी यंत्राच्या पाठीवर छापलेली आहे काय, तें प्रथम पाहावें. कांहीं यंत्रांत ४ ओमांची निवड असते. तिनें बहुधा दाब उतरून उष्णता आवरते, बळ वाढत नाहीं. खानदेशचा वैशाख ४० अंशांपलीकडचा; बंद कपाटांत यंत्र ठेवूं नये. निराळा ॲम्प्लिफायर पुढें जोडतां येईल असेंच यंत्र घ्यावें, असें आमचें मत आहे.