मारवाडांतील मराठ्यांची छावणी आणि मुक्कामाच्या पत्रांचें वाचन

जुन्या दप्तरांत स्वारींतून लिहिलेलीं पत्रें पुष्कळ आढळतात. संग्राहक पत्रांतील राजकारण उत्साहानें वाचतात. परंतु कूच, मुक्काम, मजल, छावणी, कही या शब्दांकडे लक्ष देत नाहींत. वस्तुतः फौज कशी चालली, कोठें उतरली व कां अडली हें या शब्दांतच सांपडतें. याचें उदाहरण म्हणून जयाप्पा शिंद्यांची नागोरची मोहीम येथें घेतों. सातारा प्रांतांतील माणसें वाळवंटांत दीर्घकाळ तंबू ठोकून राहिल्याचा असा ठळक प्रसंग दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं.

कोरेगांव तालुक्यांतील कण्हेरखेड हें शिंद्यांचें मूळ गांव. सातारा जिल्ह्याची रचनाच अशी कीं, पश्चिमेस महाबळेश्वरीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस माणदेशांत सुमारें २० इंच. तोच कोरडा पट्टा पुढें सांगलीच्या आटपाडी-जतेकडे जातो. तेव्हां पाण्याचें दुर्भिक्ष या लोकांस नवें नव्हतें. पण माण नदीच्या वाळूंत झरा उकरून पाणी काढणें निराळें आणि मारवाडांत हजारों घोडीं, उंट व बैल जगविणें निराळें. नागोरकडे पाऊस १५ इंचांच्या आसपास. विहिरी अति खोल, आणि डिडवाण्यासारखीं मिठाचीं सरोवरें ज्या मुलुखांत आहेत तेथें बरेंच पाणी खारें. असल्या मुलुखांत मार्ग ठरतो तो तलावांवरून.

मोहिमेची हकीकत थोडक्यांत अशी. जोधपूरच्या गादीसाठीं रामसिंग व त्याचा चुलतभाऊ विजयसिंग यांचा तंटा होता. रामसिंगानें मराठ्यांची कुमक मागितली. कुंभेरीचा वेढा उठल्यावर १७५४ सालीं जयाप्पा मारवाडांत शिरले. मेडत्याजवळ विजयसिंगाचा मोड झाला व तो पळून नागोरच्या किल्ल्यांत गेला. त्या सालाच्या अखेरीस नागोरास वेढा पडला. शिंद्यांची छावणी ताऊसर येथील तलावाकांठीं पडली आणि पुढें कित्येक महिने ती तेथून हालली नाहीं.

आतां शब्दांचा विचार करूं. 'कूच' म्हणजे तळ मोडून निघणें, 'मजल' म्हणजे एका दिवसाची चाल, आणि 'मुक्काम' म्हणजे मजलेच्या शेवटीं उतरणें. 'छावणी' याहून निराळी. पावसाळ्यांत स्वारी बंद ठेवून गवताकाडीनें शाकारलेल्या खोपटांत राहणें, हा तिचा मूळ अर्थ. कर्नाटकांत गेलेल्या मिरज-सांगलीच्या पटवर्धनांच्या कागदांत, जे वासुदेवशास्त्री खरे यांनीं छापून अमर केले, छावणीचें कारण बहुधा नद्यांचा पूर असतें. कृष्णा-तुंगभद्रा उतरून जातां येत नाहीं, म्हणून फौज थांबते. मारवाडांत कारण उलटें : तेथें फौज पाण्याच्या आधिक्यानें नव्हे, पाणी दुसरीकडे नाहीं म्हणून थांबते.

तळ देण्याची रीतही ध्यानांत ठेवावी. पुढें चाले ती बिनी, मागें राही ती चंदावल. बिनीवाला आधीं जाऊन जागा पाही व निशाण रोवी, म्हणजे सरदाराचे डेरे कोठें द्यावयाचे हें मागून येणाऱ्यांस कळे. बाजारांचींही निशाणें ठरलेलीं असत. १८०९ सालीं राजपुतान्यांत दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर असलेल्या ब्रॉटन या इंग्रजानें ही व्यवस्था पाहून लिहून ठेविली आहे व त्याचें पुस्तक १८१३ त प्रसिद्ध झालें. डेऱ्यांभोंवतीं राहुट्या, पालें, पागा, बाजार आणि बुणगे यांचें एक गांवच वसे. वैरण आणावयास रोज कही बाहेर पडे. धान्य वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असे. पत्रांत 'कही मारली गेली' असें वाचतांच घोडीं उपाशी आहेत हें समजावें. वाळवंटांत कहीचा पल्ला वाढतो व संरक्षण तुटतें, म्हणून या एका वाक्याचें महत्त्व तेथें दुप्पट होतें.

नागोरच्या बाबतींत हें वाचन कामास येतें. पेशवे नानासाहेब यांची इच्छा प्रकरण लवकर मिटावें अशी असतां जयाप्पा अडून बसले, असा दोष त्यांजवर ठेवण्यांत येतो. हट्ट नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि उन्हाळ्यांत एवढें लष्कर तलाव सोडून कोठें नेणार, हा प्रश्न टीकाकारांनीं विचारलेला दिसत नाहीं. मुक्काम हालत नाहीं याचा दुसरा परिणाम असा कीं, छावणीचें गांव होतें, बाजारांत कोणीही येऊं-जाऊं लागतो, पहारा सैल पडतो आणि सरदाराचा नित्यक्रम शत्रूस ठाऊक होतो. जुलै १७५५ त तहाचें बोलणें चाललें असतां नागोरकडील मारेकऱ्यांनीं छावणींत शिरून स्नानाच्या वेळीं जयाप्पांचा घात केला, तो याच स्थितींत. हें आमचें अनुमान आहे. पण तलावाची गरज व छावणीची मोकळीक यांचा संबंध नाकारतां येईलसें वाटत नाहीं.

तरीही छावणी मोडली नाहीं. जयाप्पांचे बंधु दत्ताजी यांनीं वेढा चालविला आणि फेब्रुवारी १७५६ त विजयसिंगास तह करावा लागला. अजमेर मराठ्यांकडे आलें.

शेवटीं तारखेविषयीं एक सूचना. शुहूर सन मृगाबरोबर पालटतो. त्यामुळें एकाच तळावरील पत्रांत उन्हाळ्यापर्यंत 'खमस खमसैन मया व अलफ', म्हणजे ११५५, आणि पावसाळ्यांत 'सीत खमसैन', म्हणजे ११५६, असा सन येतो. घाताच्या वेळचीं पत्रें दुसऱ्या सनांतलीं. शक चैत्रांतच पालटून १६७७, युवानाम संवत्सर, झालेला असतो. सन बदलला म्हणून मोहीम बदलली असें मानून पत्रें निरनिराळ्या पुडक्यांत घातलीं, कीं एका वेढ्याचे दोन वेढे होतात. आमची संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पत्राची नक्कल करतांना मायन्याइतकीच शेवटची ओळहि जपावी, मुक्कामाचें नांव जसेंच्या तसें उतरावें, आणि स्वारीचीं पत्रें सनाप्रमाणें न लावतां मुक्कामाप्रमाणें लावून पाहावीं. फौज कोठें होती हें कळल्यावांचून ती काय करीत होती हें कळत नाहीं.