साडेतीन लाखांचे भूत

भुताखेतांच्या स्वस्त चित्रपटांचे नाव काढताच सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. तरी रामसे बंधूंची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १९७० साली वडिलांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण भेसूर मुखवटा चढवून चोरीला निघालेल्या पृथ्वीराज कपूरना पाहून प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी हेरले. मग महाबळेश्वरी मुक्काम ठोकून, घरच्याच माणसांच्या हातांनी त्यांनी १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ सुमारे साडेतीन लाखांत उभा केला.

दोष ढळढळीत आहेत. विनोद ओढूनताणून आणलेला, गाणी उपरी, स्नानाची दृश्ये निव्वळ गल्ल्यासाठी! पण १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला शाप पाहा: घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आमच्या सुप्यात तंबूतला खेळ पाहताना बायाबापड्या नेमक्या इथे गप्प होत. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते, हे त्यांनी आजीकडून ऐकलेले. आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेरची घालमेल तर घरोघरची. सामरीचे दात खोटे होते, भय खरे होते. या चित्रपटांची पुण्याई एवढीच. पण ती थोडी नव्हे.