‘डोळे मिटा, समोर बसून गातायत’: घरच्या महागड्या सेटचं खरं आणि खोटं

जालन्यासारख्या गावात हौसेने घेतलेला भारी सेट दाखवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डोळे मिटा. भीमसेनजी समोर बसून गातायत की नाही सांगा.’ पाहुणे डोळे मिटतात, माना डोलावतात. विकणारा हेच सांगतो, घेणारा हेच सांगतो आणि पुढे पाहुणेही चार जणांना हेच सांगतात. बोलण्याच्या ओघात केलेली स्तुती म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण या एका वाक्यावर विश्वास ठेवून माणसं स्पीकरवर पाच लाख घालवतात आणि खोलीत एक सतरंजीसुद्धा अंथरत नाहीत. म्हणून ते तपासून पाहायला हवं.

आधी त्यातलं खरं. चांगल्या स्पीकरवर आवाजाची जात ओळखू येते. सारंगी सारंगीच वाटते, किशोरीताईंचा आवाज त्यांचाच वाटतो, तानपुऱ्याच्या जवारीचा बारीक झणत्कार शाबूत राहतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं तबकड्यांसाठी मुद्रित झालं, तेव्हा गायिकेला कर्ण्याच्या तोंडाशी ओरडून गावं लागे आणि तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. मिडियम वेव्हच्या रेडिओवर पाच हजार हर्ट्‌झच्या पुढचं फारसं काही पोचत नसे. त्या मानाने साधी सीडीसुद्धा माणसाच्या कानाला ऐकू येणारा सगळा पट्टा, म्हणजे वीस हजार हर्ट्‌झपर्यंत, पुरवते. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ती ९६ डेसिबलचं अंतर सांभाळते. चांगल्या ॲम्प्लिफायरने आवाजात केलेली गडबड कानाला कळण्याच्या खाली असते. ही बाजू अभियंत्यांनी जिंकलेली आहे, यात वाद नाही.

पण आवाजाची जात जुळली म्हणजे गाणारा माणूस खोलीत आला असं होत नाही.

इथे सेटचे भक्त इतिहासातले दाखले काढतात. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ केल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे जायचे आणि गायिका गातेय की यंत्र, हे प्रेक्षकांनी ओळखायचं. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला आणि लोक फसले. आजच्या कानाने त्या तबकड्या ऐकल्या तर शाळकरी पोरही फसणार नाही. मग तेव्हाचे लोक कसे फसले? या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे उतारवयात स्वतःच सांगून टाकलं, की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाएवढा आवरून गात. यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता.

नंतरचे प्रयोग जास्त प्रामाणिक होते. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये स्पीकर बनवणाऱ्या वॉर्फडेल कंपनीच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली भरल्या सभागृहात जिवंत वादन आणि त्याचंच ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवलं. पुढे अमेरिकेत ॲकॉस्टिक रिसर्च या कंपनीने फाइन आर्ट्‌स क्वार्टेट या तंतुवाद्य-चौकडीला घेऊन असेच कार्यक्रम केले. वादक वाजवता वाजवता फक्त हात हलवू लागत आणि स्पीकर सुरू होत. कुठे बदल झाला हे पुष्कळांना सांगता येत नसे. हे खरंच घडलं. पण त्यातली मेख कुणी सांगत नाही. या चौकडीचं ध्वनिमुद्रण मुद्दाम जिथे घुमारा नाही अशा मोकळ्या जागेत केलेलं होतं. कोरडा आवाज स्पीकरमधून बाहेर पडायचा आणि घुमारा पुरवायचं ते खरंखुरं सभागृह. वादक आणि स्पीकर एकाच छताखाली होते, म्हणून जुळलं.

घरी नेमकं उलटं असतं. ध्वनिमुद्रणात एका मोठ्या सभागृहाचा (किंवा स्टुडिओत यंत्राने चढवलेला) घुमारा आधीच भरलेला असतो आणि त्याच्यावर तुमच्या दिवाणखान्याचा घुमारा चढतो. कान इतके भोळे नसतात. आपण बारा फुटांच्या खोलीत बसलो आहोत हे डोळे मिटल्यावरही त्यांना कळतं.

ही खोलीच खरी गुन्हेगार आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बारा बाय पंधराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. जालन्याच्या कुठल्याही नव्या कॉलनीत सापडेल. वर स्लॅब, भिंतींना गुळगुळीत गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. हार्वर्डच्या वॉलेस सबीन यांनी शतकापूर्वी बसवलेलं सूत्र लावलं, तर अशी खोली रिकामी असताना आवाज विरायला सुमारे दोन सेकंद घेते. तेवढ्यात द्रुत लयीतल्या तबल्याचे कितीतरी बोल एकमेकांवर चढतात. खाली जाड गाद्या, लोड, खिडक्यांना जाड पडदे आणि बसायला चार माणसं आली, की हाच आकडा पाऊण सेकंदाच्या आत येतो. हजारो रुपयांच्या वायरने न होणारं काम गोधडी करते.

खालच्या स्वरांची गत तर आणखी वाईट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी अडकून फुगतात. वरच्याच खोलीचं गणित मांडलं तर पंधरा फुटांत ३८, ७५ आणि ११३ हर्ट्‌झ, बारा फुटांत ४७ आणि ९४, आणि दहा फूट उंचीत ५७ आणि पुन्हा ११३. म्हणजे ११३ वर लांबी आणि उंची दोघी एकदमच बोलतात. आता तबलजी डग्ग्यावर ‘घे’ घासतो तेव्हा काय होतं पाहा. मनगट पुडीवर सरकतं, तसा नाद ऐंशीच्या आसपासून वर चढत जातो. बैठकीत तो चढ एकसंध, घोटीव ऐकू येतो. या खोलीत मात्र तो ९४ पाशी एकदम फुगतो, मध्ये दबतो आणि ११३ पाशी पुन्हा उसळतो. ऐकणारा तीन फूट मागे सरकला की वेगळाच डग्गा. स्पीकर पन्नास हजारांचा असो की पन्नास लाखांचा, दोघांनाही हीच खोली भेटते. सुमारे दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खाली खोलीचं राज्य चालतं, हे या क्षेत्रातले मान्यवर संशोधक फ्लॉइड टूल यांनी आपल्या ‘साउंड रिप्रॉडक्शन’ या पुस्तकात विस्ताराने मांडलं आहे.

दुसरी अडचण वाद्याच्या स्वभावाची. पखवाज घ्या. समर्थ रामदासांच्या जांबेत असो की कुठल्याही गावच्या सप्त्यात, कीर्तनाआधी पखवाजी धाम्याला कणीक लावून बसतो. थोडी लावायची, थाप मारून पाहायची, पुन्हा थोडी लावायची, नाद खर्जात उतरेपर्यंत. त्या वाद्याची डावी पुडी एकीकडे बोलते, उजवी दुसरीकडे, खोड स्वतः थरथरतं आणि हे सगळं भिंती, खांब, माणसं यांच्यावर आदळून कानाशी येतं. तबला वर उसळतो, तानपुरा तबलीतून झरतो, गाणाऱ्याचा आवाज मुख्यतः समोर जातो. स्पीकर यातलं काहीच करत नाही. सगळी वाद्यं तो आपल्याच एका तोंडाने, आपल्याच एका दिशेने सांगतो. दोन स्पीकरांच्या मधोमध गायक ‘दिसतो’ तो ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली पेटंटात मांडलेल्या स्टिरिओच्या युक्तीमुळे. युक्ती थोर आहे, पण मधल्या गायकाचा आवाज दोन जागांहून निघून प्रत्येक कानाशी दोनदा पोचतो. खरा गायक तसा पोचत नाही.

तिसरी अडचण जोराची. हलगी किंवा ढोलकी जवळून शंभर डेसिबलच्या वर सहज जाते. घरगुती स्पीकर एका वॉटला एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल देतो. प्रत्येक वाढीव दहा डेसिबलला दसपट वॉट लागतात: ९७ ला दहा, १०७ ला शंभर. बसायची जागा तीन मीटरवर असेल तर त्याहून जास्त. थापेचा पहिला ठोका एका क्षणापुरता असतो, पण तोच थाप ‘खरी’ वाटायला लावतो, आणि बहुतेक सेट तोच गिळतात. समजा एखादा सेट तेवढा पोचलाच, तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ध्वनिप्रदूषण नियम, २००० ने घालून दिलेली आहे. वरून आवाज जसा मर्यादित, तसा खालूनही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून कोण गाणं ऐकतं? कूलरचा घरघराट पन्नास-पंचावन्न डेसिबलचा धरला, तर सीडीच्या ९६ डेसिबलांपैकी निम्मेच उरतात. विलंबित आलापातला श्वास, सूर विरताना मागे राहिलेला तानपुरा हे सगळं त्या वाऱ्यात जातं.

आणि मुळात ध्वनिमुद्रण म्हणजे श्रोत्याने ऐकलेली मैफल नसतेच. गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, तबल्याला दोन वेगळे, मग सगळ्याचे आवाज खालीवर करून जुळवलेले. गायकाच्या तोंडापाशी कान नेऊन कोणताही रसिक बसत नाही. सेट अगदी निर्दोष असला तरी तो त्या तबकडीशी इमान राखेल, मैफिलीशी नाही.

इथपर्यंत वाचून ‘बघा, घरचं ते खोटं, प्रत्यक्ष ते प्रत्यक्ष’ म्हणणारेही घाई करतात. प्रत्यक्ष म्हणजे काय ऐकता? अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची मोठी परंपरा आहे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो माणसं बसतात. एवढ्या समुदायासमोर गाणं पोचतं ते माइक आणि स्पीकरमधूनच. गावच्या सप्त्यात तर झाडावर बांधलेले भोंगे असतात आणि भोंग्यातून तीन-चारशे हर्ट्‌झच्या खालचं फारसं बाहेर पडत नाही. म्हणजे पखवाज्याने तासभर कणीक लावून कमावलेला खर्ज मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाही, वर साउंडवाल्याने ‘इको’ चढवलेला असतो. अशा मागच्या रांगेपेक्षा घरचा नीट मांडलेला साधा सेट अभंगाचे शब्दही स्पष्ट देतो आणि पखवाजही. तुलना करायची तर माइकविना बैठकीशी करावी, आणि तिथे मात्र कुठलाच सेट टिकत नाही.

काही किरकोळ समज एकेका ओळीत निकालात निघतात. महागडी स्पीकर वायर: पाच मीटर अंतराला घरच्या फिटिंगमधली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन ०.०७ ओहम रोध देते. आठ ओहमच्या स्पीकरला तो जाणवतही नाही. ‘पाच हजार वॉट पीएमपीओ’: या आकड्याला कोणतंही प्रमाण नाही, आरएमएस वॉट विचारा. एलपीत सीडीपेक्षा ‘जास्त’ असतं: एलपीचं हळू-मोठ्या आवाजाचं अंतर साठ-सत्तर डेसिबलच असतं, ती आवडू शकते, अधिक खरी नसते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा गोडवा: तो बहुतांशी मूळ आवाजात मिसळलेल्या वरच्या स्वरांशांचा असतो.

हाय-रेझोल्यूशन फायलींवर मात्र दोन ओळी जास्त, कारण इथे भांडणं होतात. मायर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ५५४ चाचण्यांचा निकाल छापला. हाय-रेझोल्यूशन आवाज सीडीच्या दर्जावर उतरवला तर ओळखू येतो का, असा प्रश्न होता. बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणं उडवल्यासारखी. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांची बेरीज केली. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के भरली. फरक आहे असं म्हणायला जागा आहे, पण तो इतका बारीक आहे की त्यासाठी संग्रह नव्याने विकत घेण्यात अर्थ नाही.

‘पण आम्हाला फरक स्पष्ट ऐकू येतो’ हे शेवटचं उत्तर असतं, आणि असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली तेच स्पीकर लोकांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसायला भव्य स्पीकरांना उघड्यावर मिळालेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. तेव्हा नवा सेट घेण्याआधी घरच्याच कुणाला मदतीला घ्यावं. चादरीचा पडदा लावावा, दोन्ही स्पीकरांचा आवाज मोबाइलवरच्या मीटरने शक्य तितका सारखा करावा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो. मदतनिसाने नाणं उडवून क्रम ठरवावा आणि ऐकणाऱ्याने दर वेळी कागदावर उत्तर लिहावं. सोळा वेळांत किमान बारा उत्तरं बरोबर आली तरच फरक ऐकू आला असं धरावं. त्यानंतर तीच तबकडी, तोच स्पीकर, फक्त खाली गाद्या आणि खिडकीला पडदे लावून पुन्हा ऐकावी. हा फरक ओळखायला नाणं उडवावं लागत नाही.