लॉक उघडेल, पण फोटो राहतील का?

"अब्बांच्या फोनचं लॉक उघडून द्या, फक्त फोटो जाऊ देऊ नका." नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरील मोबाईल दुकानांत अशी विनंती घेऊन येणारी कुटुंबे कमी नाहीत. नोकियाच्या काळात कारागीर छोटा डबा केबलने फोनला जोडून सिक्युरिटी कोड वाचून घेई. नावे, नंबर जागच्या जागी राहत. सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही पॅटर्नची फाईल पुसली की काम भागे.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत गुगलचे 'एफआरपी' कुलूप आले. फोन रिसेट केला तरी तो जुनेच गुगल खाते मागतो. शिवाय आताच्या फोनमधील फोटो, मजकूर सांकेतिक रूपात साठतो आणि त्याची किल्ली आपल्या पिनशी बांधलेली असते. म्हणून नवे सॉफ्टवेअर बहुधा फोन रिकामा करूनच उघडते. यात कारागिराचा दोष आम्हाला दिसत नाही. चोराला अडवणारे कुलूप वारसांनाही अडवते, इतकेच.

हे काम शिकणाऱ्या मुलांनी फुकटच्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरपासून दूर राहावे. त्यातून व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकाची अमानत धोक्यात येते. आयएमईआय बदलण्याच्या फंदात तर पडूच नये: २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

घरच्यांनी पिन आणि गुगलचा पासवर्ड एका विश्वासू माणसाजवळ लिहून ठेवावा, फोटोंची दुसरी प्रत काढावी. आणि फोनचे बिल जपावे; कारागिराने ते मागितले तर रागावू नये.