जनित्राचे तेल का गळते?

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा पालच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचा तंबू तुम्ही पाहिला असेल. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंसारखे मोठे फड गावोगाव फिरले. अशा फिरत्या संसाराबरोबर वीज देणारे डिझेल जनित्रही फिरते. एखाद्या दिवशी त्याच्याखाली जमिनीवर तेलाचे काळे डाग दिसू लागतात. ‘असू दे, थोडेच तर गळते!’ असे म्हणावे काय?

हिशेब करून पाहू. दर सेकंदाला एक थेंब पडतो आणि 30 थेंबांचे 1 घनसेंटिमीटर तेल होते, असे धरा. मग तासाला 120 आणि सहा तासांच्या खेळात 720 घनसेंटिमीटर तेल जाईल. इंजिनाच्या चेंबरमध्ये तीन लिटर तेल मावत असेल, तर एका रात्रीत जवळजवळ चौथा हिस्सा संपला! तेल कमी पडले की बेअरिंगे कोरडी पडून तापतात आणि शेवटी इंजिन जाम होते. तेच तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर आगीचे भय. आणि कनातीचे कापड जवळच असते.

गळतीला दोन गोष्टी लागतात : फट आणि दाब. आधी फटीचा विचार करू. इंजिन थंड असताना कोरडे दिसते आणि तापल्यावर गळू लागते, हे कसे? द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. इंजिनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या 40 क्रमांकाच्या तेलाची श्यानता 40 अंश सेल्सिअसला जेवढी असते, तिच्या सुमारे दहावा हिस्साच 100 अंशांना उरते. त्याच फटीतून, त्याच दाबाखाली, तेल दहापट वेगाने वाहते. शिवाय अरुंद फटीतला प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट! कंपनाने एखादा बोल्ट किंचित सैल झाला तरी एवढा फरक का पडतो, ते यावरून कळेल.

आता दाब. सिलिंडरमधील जळलेला थोडा वायू दट्ट्याच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये येतो. त्याला बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची नळी असते. ती धुळीने व काजळीने तुंबली की वायू आत कोंडतो. शिट्टी अडकलेल्या कुकरची वाफ रबराच्या कडेने फुसफुसते, तसे तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. आतला दाब 10 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकाच जास्त असला, तरी 100 चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर एक किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो.

मग दुरुस्ती कोठून सुरू करावी? तेल जेथे दिसते तेथेच ते गळते असे नाही. ते वरून ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने पसरते. म्हणून फिटर प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ देतो, पुसून कोरडे करतो आणि संशयित सांध्यांवर खडूची पूड लावतो. मात्र हवा आत ओढणाऱ्या तोंडापासून पूड दूर ठेवावी लागते. मग थोडा वेळ इंजिन चालवून, ते बंद केल्यावर, सर्वांत वरची ओली रेघ तो शोधतो. उगम तेथेच!

ब्रीदर तुंबला असेल तर साफ करावा. तो आधी पाहावा, नाहीतर नवे गॅस्केटही गळेल. गॅस्केट कडक झाले असेल तर बदलावे. बोल्ट एका ओळीत नव्हे, तर समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. एकच कोपरा दाबला तर पत्रा वाकून दुसरीकडे फट पडते.

उरला फिरत्या दांड्यावरचा ऑइल सील. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असते. चार ध्रुवांचे जनित्र त्यासाठी मिनिटाला 1500 फेरे घेते. दांड्याचा व्यास 5 सेंटिमीटर असेल, तर त्याचा पृष्ठभाग रबराच्या ओठावरून सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने घासत जातो. ओठ झिजणारच! सील बदलताना दांड्यावर चरा आहे का तेही पाहावे, कारण चरा नवा ओठही कापतो.

या कामासाठी लागणारी हातोटी या मुलखाला नवी नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. 1922 साली धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोडला निघाला. दोन्हीकडे लोखंडी नांगर तयार झाले. कूपरच्या कारखान्यात पुढे डिझेल इंजिनेही झाली.

आता एक प्रयोग. डब्याच्या तळाला बारीक भोक पाडा आणि 50 घनसेंटिमीटर गोडेतेल त्यातून गळायला किती वेळ लागतो ते मोजा. मग तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवून, तेल कोमट करून पुन्हा मोजा. तेल थेट आचेवर ठेवू नका. दोन वेळांचे गुणोत्तर काढा, आणि ते एक का आले नाही, हे वर्गात सांगा.