फ्ल्यूची साथ आणि आपला धंदा

साथीच्या रोगाची चर्चा व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. 2020 च्या मार्चमध्ये ज्यांनी रमजानसाठी कापड, चपला, शेवया भरून ठेवल्या आणि ज्यांची ईद बंद शटरमागे गेली, ते मात्र विचारणार नाहीत. कोविड म्हणजे फ्ल्यू नव्हे. पण फ्ल्यूचा विषाणूही अधूनमधून असे रूप पालटतो की बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद नसते. 1918, 1957, 1968 आणि 2009 साली तसे घडले. पुढची साथ केव्हा, हे अल्लाहच जाणतो. तयारी मात्र आपल्या हातात आहे.

1918 ची साथ जून महिन्यात मुंबईच्या गोदीकडून शहरात शिरली. पहिली लाट सौम्य होती, लोक निर्धास्त झाले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेने हाहाकार केला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांत वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसे मोठ्या संख्येने होती. म्हणून पहिले काम खातेवहीचे. कोणाकडे किती उधारी, कोणाचे किती देणे, कोणाचा माल आपल्याकडे कामाला आला आहे, हे पुष्कळ दुकानांत एकाच माणसाच्या डोक्यात असते. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, आणि आपण ती चिठ्ठ्याचपाट्यांवर भागवतो! वही नीट लिहा, घरात बायकोला किंवा मुलाला ती समजावून ठेवा.

दुसरे काम कारखान्याचे. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. फ्ल्यू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस रोग पसरवू शकतो. जरीकाम, शिलाई, पॉवरलूम, कुठेही पाहा. कारागीर एका खोलीत खांद्याला खांदा लावून बसतात, अनेक ठिकाणी तिथेच झोपतात. मजुरी नगावर. ताप आला तरी गोळी घेऊन तो कामावर बसतो, कारण बसला नाही तर चूल पेटत नाही. समजा, रोज 600 रुपये मिळवणाऱ्या कारागिराला पाच दिवस मजुरी देऊन घरी बसवले, तर खर्च 3,000 रुपये. नाही बसवले आणि त्याच्यामुळे पाच जण पाच-पाच दिवस आडवे झाले, तर पंचवीस दिवसांचे काम बुडाले. ऑर्डर हातची गेली ती वेगळीच. एखादा खोटा ताप सांगेल, अशी शंका मालक काढतात. सांगेलही. तरी सौदा स्वस्तातलाच आहे. मात्र हा शब्द साथ येण्याआधी द्यावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, साबण-पाण्याची सोय करावी.

घरात दोन-तीन आठवड्यांचे रेशन, तापासाठी पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर आणि मास्क असावेत. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या ठेवाव्यात. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. एकच खोली असेल तर आजाऱ्याला खिडकीपाशी झोपवून सेवा एकानेच, मास्क लावून करावी. धाप लागली, ओठ निळसर झाले, तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे. फ्ल्यूची लस दरवर्षी मिळते. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. अगदी नव्या विषाणूवरची लस तयार व्हायला मात्र पाच-सहा महिने लागतात, तेवढे दिवस आपले आपणच काढायचे असतात.

मोहल्ल्यासाठी नवे काही शोधायला नको. शाममध्ये प्लेग असल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) सर्ग या ठिकाणाहून सोबत्यांसह परत फिरले, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. जमातीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, विधवांची आणि परगावच्या कारागिरांची यादी आताच करावी. बैतुलमालमधून कोणाला किती दिवस मदत करता येईल, हे आलिमांना विचारून ठरवावे. रात्री गाडी कोण काढील, गुस्ल-कफनाचे काम जाणणारे दोघे-तिघे अधिक कोण तयार होतील, हेही ठरवावे. मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून साथीची माहिती फक्त डॉक्टरांना विचारून द्यावी. आपल्याकडे फ्ल्यू पावसाळ्यात वाढतो, तेव्हा ही बैठक मे महिन्यातच घेतलेली बरी.