बाहेरून लावलेली कडी

धामणगाव रेल्वे हे मुंबई–हावडा मार्गावरचं, बडनेरा आणि वर्ध्याच्या मधलं स्टेशन. यवतमाळला जाणारेही पूर्वीपासून इथंच उतरतात. अशा गावात राहणाऱ्याला लहानपणीच कळून चुकतं, की गाडीतून माणसं उतरतात तशी उतरवूनही दिली जातात. बाकावर बसलेली, गावाचं नाव न सांगता येणारी म्हातारी. नाव विचारलं की नुसतं हसणारं पोर. चहावाला आधी चहा देतो, मग पोलिसांना बोलावणं जातं, आणि तासाभरात तोच प्रश्न निघतो: हिला ठेवायचं कुठं? निवासी संस्थेचं दार उघडतं ते या प्रश्नापाशी. दार लागल्यावर आत काय होतं, याची चौकशी मात्र आपण फार उशिरा सुरू केली.

नव्वदच्या दशकात, दिवाळीच्या सुटीत, शाळेतल्या मुलींना घेऊन मी आमच्या भागातल्या एका संस्थेत फराळ वाटायला गेले होते. निजायच्या खोलीची कडी बाहेरून होती, तिला कुलूप. खिडक्यांना गज. किल्ली अधीक्षकांकडे, आणि अधीक्षक रात्री आपल्या घरी. मी विचारलं, तर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "पळून जातात न जी लेकरं." मग पोळी उलटवता उलटवता त्याच म्हणाल्या, "पण राती काही झालं त किल्ली कोन आनीन जी?" मी काही बोलले नाही. फराळ वाटला, शेरेबुकात 'व्यवस्था उत्तम' असं लिहिलं आणि परत आले. ते दोन शब्द मला आजही टोचतात.

कडी बाहेरून लावायची ही सवय जुनी आहे. १८९८ च्या कायद्यानं निराधार कुष्ठरोग्यांना धरून आश्रमात ठेवायची सोय केली होती. त्यात काळजी होती ती बाहेरच्यांची. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्ये, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढलं आणि अमरावतीजवळ तपोवन उभं राहिलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं, त्यांच्या हाताला तिथं काम मिळालं, राहतं घर मिळालं. वऱ्हाडानं अभिमानानं सांगावं असं हे काम. तरी त्या पिढीतल्या बहुतेक संस्थांची सगळी मदार एका माणसावर असे. तो थकला किंवा गेला म्हणजे आतल्यांना कोण पाहणार, याचं उत्तर कुठल्या नियमात नव्हतं.

नियम आले ते हळूहळू. १९६० मध्ये अनाथालयांवर देखरेखीचा केंद्रीय कायदा झाला. १९६३ मध्ये राज्यानं वृद्धाश्रमांची योजना आणली. पुरुषाला ६० वर्षांनंतर, स्त्रीला ५५ नंतर प्रवेश. १९९५ मध्ये 'मातोश्री' वृद्धाश्रम आले. या सगळ्यांत भर होता तो प्रवेश कुणाला आणि अनुदान किती यावर. तपासणीला आलेला साहेब हजेरीपट पाही, धान्याचा साठा मोजी, चहा घेई आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. रात्री तिथं कोण असतं, हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

बालगृहांच्या बाबतीत २००७ चे केंद्राचे आदर्श नियम मला मोठा टप्पा वाटतात. ५० मुलांसाठी प्रत्येकी हजार चौरस फुटांच्या दोन निजायच्या खोल्या, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट. सात मुलांमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणी. वाचायला रुक्ष वाटेल, पण सकाळी सहा वाजता चाळीस पोरांची रांग एका संडासापुढं ज्यानं पाहिली आहे, त्याला या आकड्यांची किंमत कळते. रांगेत मोठी पोरं लहानांना ढकलतात, लहानगी कपड्यात करतात, आणि मार खातात तीच.

एवढं असूनही पुढचं पाऊल बहुतेक वेळा कुणाच्या तरी मरणानंतर किंवा छळानंतरच पडलं, हे लिहिताना हात जड होतो. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथं मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली. माणसं साखळीनं बांधलेली होती. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीवर सरळ बंदी घातली, म्हणजे मधे सोळा वर्षं गेली. २०१० मध्ये आपल्याच राज्यात, ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथं मतिमंद मुलांच्या गृहात कुपोषणानं मुलं दगावली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या सगळ्या बालगृहांची वर्षअखेरपर्यंत नोंदणी करायला सांगितलं. आणि २०१८ मध्ये बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण उघड झालं ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटामुळं. या गटानं कागद तर पाहिलेच, पण मुलींशी बोलून घेतलं. आधीच्या तपासण्यांत नेमकं तेच राहून गेलं होतं.

भंडाऱ्याची आग तर आपल्या विदर्भातली. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली. अग्निसुरक्षेचा राज्याचा कायदा २००६ चा आहे. दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा, असं तो सांगतो. ते रुग्णालय होतं, निवासी संस्था नव्हे. पण रात्र तीच, आणि स्वतःच्या पायानं बाहेर पडू न शकणारे जीवही तसेच.

आमच्या जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलांना वाढवलं, वडिलांच्या जागी आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली की बालगृह सोडायचं हा नियम अशा मुलांना लावू नये, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले. ज्याला जेवायचं ताट स्वतः उचलता येत नाही, त्यानं अठराव्या वाढदिवसाला जायचं कुठं? मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत आपण अजून मागं आहोत. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम काढावा म्हणतो, पण राज्य सरकार तो काढू 'शकेल' अशा भाषेत. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि कायदा न होताच विरलं.

आणि काही गोष्टी दिल्लीच्या नियमांत येतच नाहीत. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. लोखंडी कूलर, खाली सांडलेलं पाणी, फरशीवरून गेलेली वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि अनवाणी म्हातारी अंधारात आधाराला कूलरच धरते. वऱ्हाडात तपासणीला येणाऱ्यानं मे महिन्यात यावं आणि सगळ्यांत आधी कूलरची वायर पाहावी.

मी पाहिलेल्या त्या संस्थेत आता कार्यकारिणी बदलली आहे. मागच्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी गेले. दाराला बाहेरची कडी नव्हती; ती काढल्याची चार भोकं चौकटीत दिसत होती, लांबीनं बुजवलेली. न्हाणीच्या भिंतीला धरायला नळी बसवली होती. शेरेबुक पुढं आलं, तेव्हा मी रात्रपाळीची वही मागितली. साधी शंभर पानी वही, पेन्सिलीनं लिहिलेली, दर दोन तासांची नोंद, खाली सही. एका पानावर होतं: '२.१० – आजी उठल्या, मुलाला बोलवा म्हणाल्या. पाणी दिलं. ३.०० पर्यंत जवळ बसले.'

मी त्या दिवशी शेरेबुकात काहीच लिहिलं नाही. ती नोंद लिहिणाऱ्या बाईला भेटायचं होतं, म्हणून रात्रपाळी सुरू होईपर्यंत थांबले.